सव्वाअकराचा पाहुणा

३ मे

ती. अक्कास,
चिमण्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर आपली तिसऱ्या मिनिटाला जुंपते, कागदावर निदान मध्ये पोस्टमन असतो, हे आपणच ठरवलं होतं. फक्त एक कर. मी एकसष्ट वर्षांचा झालो, लिफ्ट दुरुस्त करता करता निवृत्त झालो, तरी तू पाकिटावर ‘चि. चिमण्या’ लिहितेस आणि पोस्टमन ते मोठ्याने वाचत जिना चढतो. तिसऱ्या मजल्यावरची मुलंसुद्धा आता मला चिमण्याआजोबा म्हणतात.

गच्चीवर काय खटाटोप चाललाय, असं विचारलंस. लिफ्टच्या मशीनखोलीवर मी एरियल उभारली आहे. खाली एक एफएम रेडिओ, आणि तो रेडिओ इंटरनेटला जोडलाय. जगातल्या कुणीही माझं पान उघडावं, घरबसल्या माझ्या रेडिओचं बटण फिरवावं आणि इथे जे ऐकू येतं ते ऐकावं. फुकट. फुकट आहे म्हणूनच लोक येतात, असं तुझ्या भावजयीचं मत. उन्हाळ्यात सकाळी हवा जमून आली की हजार हजार मैलांवरची स्टेशनं पाचदहा मिनिटं ऐकू येतात आणि बुडतात. ती पकडायला माझ्याकडे रोज वीस-बावीस माणसं टपून असतात. एक दातांचा डॉक्टर आहे, एक बोटीवरचा निवृत्त कप्तान आहे, बाकीचेही असेच कामातून गेलेले. पानाच्या कोपऱ्यात गप्पांची पाटी आहे. तिच्यावर सगळे यंत्राकडून भाषांतर करून घेऊन भांडतात.

भांडणाचं मूळ असं की रेडिओ एक आणि बटण एक. एकाने फिरवलं की सगळ्यांना तेच ऐकावं लागतं. आणि रोज सव्वाअकराला, ऐन मोक्याच्या वेळी, कुणीतरी येतो आणि काटा आपल्या गावच्या स्टेशनवर आणून ठेवतो. त्या स्टेशनचा आवाज पुलापलीकडेसुद्धा जात नाही. तेव्हा त्यावर ‘हरवलं-सापडलं’ लागतं. कुणाची छत्री, कुणाच्या किल्ल्या, हेच पंधरा मिनिटं. पानावर या गृहस्थाचं नाव नुसतं ‘पाहुणा’. गप्पांत कधी एक शब्द नाही. डॉक्टरने काटा हलवला की हा परत आणतो. गेल्या मंगळवारी असं अकरा वेळा झालं. माझ्या डोळ्यांपुढे याची भली मोठी मिशी येते.

शेवटी मतदान घेतलं. एक जूनपासून बटणाला कुलूप, परवलीचा शब्द फक्त सभासदांना. तू जन्मभर शाळा हाकलीस, म्हणून विचारतो, बरोबर केलं ना?

लोभ आहे तेवढा ठेव, आणि पाकिटाचं बघ.

तुझा,
चिमण्या (नाइलाजाने)


९ मे

चि. चिमण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुढच्या खेपेपासून ‘श्रीयुत चिमण्या’ लिहीन. समाधान झालं असेल.

इकडे सगळं ठीक. मुलगा-सून आठला बाहेर पडतात, मग नवव्या मजल्यावर मीच माझी मुखत्यार. सून गुणाची आहे. मला काही काम करू देत नाही, एवढाच तिचा दोष.

आता तुझ्या कुलपाबद्दल. अजिबात बरोबर केलं नाहीस. कुलूप हा आळशी मास्तरांचा उपाय. छत्तीस वर्षांत मी एकाही पोराला वर्गाबाहेर काढलं नाही, फार तर खिडकीशी बसवलं. तो पाहुणा रोज वेळेवर येतो, पंधरा मिनिटांत निमूट जातो, आरडाओरडा करत नाही. असा विद्यार्थी मला मिळाला असता तर मी त्याला मॉनिटर केलं असतं. वेळापत्रक कर आणि त्याचा एक तास त्याला देऊन टाक. पृथ्वीच्या पाठीवरची बाकी सगळी स्टेशनं उरलेल्या वेळात ऐकता येतील. आणि त्या डॉक्टरने तरी नाक मुरडू नये. न्हाव्याच्या दुकानात खुर्चीखाली जी कवळी सापडली ती कुणाची, हे दातवाल्याला जाणून घ्यावंसं वाटू नये?

मला मात्र यातलं काही कळत नाही. कॉम्प्युटर म्हटला की माझे हात गार पडतात. विचारलंस म्हणून सांगितलं.

सगळ्यांना आशीर्वाद. माया आहेच, ती काही पत्रात मोजून घालता येत नाही.

तुझी,
अक्का


१५ मे

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. पडदे शिवायचं मशीन चालू ठेवलं आहे, म्हणजे त्यांना वाटेल मी कामात आहे.

वन्सं, ह्यांचं पत्र तीन तारखेला पोस्टात पडलं. मीच टाकलं. न्हाव्याच्या दुकानातली कवळी पाच तारखेला जाहीर झाली. तेव्हा तुम्हाला ती कुठून कळली, असं मी विचारणार नाही. एप्रिलात तुम्ही तापाने आडव्या होतात, त्या आठवड्यात तो पाहुणाही आला नव्हता. ह्यांना आनंद झाला होता. तुमचं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मला वाचून दाखवलं आणि अक्का चिडलेली दिसते एवढंच म्हणाले. नुसत्या आवाजावरून लिफ्टमधला बिघाड सांगणारा माणूस, पण घरातलं काही ऐकू येईल तर शपथ.

मी सांगणार नाही. कुलूप लागलंच तर त्या सभासदांनाही काही ऐकू येऊ नये, एवढाच उपाय माझ्या हातात आहे. गेल्या वर्षी मी एरियलवर एक ओला जाड पडदा वाळत घातला होता, तेव्हा सगळं जग अर्धा तास बहिरं झालं होतं. तेव्हा चुकून घातला होता, आता मुद्दाम घालीन. पण असं रोज किती पडदे धुणार? एक तारखेनंतर तुम्हाला गाव ऐकू यायचं नाही. तेव्हा तुम्हीच त्यांना लिहा. फार तर रुसतील. ते रुसले की जेवतात जास्त, मला त्याची सवय आहे.

कमीजास्त लिहिलं असेल तर पदरात घ्या.

तुमची,
भावजय


२० मे

चि. चिमण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा पाहुणा मी आहे. मला मिशी नाही, हे तुला माहीत आहे.

सुनेने पान उघडून दिलं, कुणाला सांगायचं नाही या अटीवर. हात गार पडतात हे खोटं लिहिलं. मुख्याध्यापिकेने खोटं लिहावं याची मला लाज वाटते.

आता का, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी मी खोल्या बंद करून इकडे आले, तेव्हा फोनवर तू म्हणालास, ‘गेलीस ना सोडून? मग आता गावाची चौकशी करायची नाही.’ मी म्हटलं, ठीक. तेव्हापासूनच्या एका तरी पत्रात मी बाजाराचं, पुलाचं, शाळेचं विचारलेलं दाखव. सांगितलेलं पाळायचं, हे मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं. पण कळल्यावाचून राहवत नाही रे. ‘हरवलं-सापडलं’ ऐकलं की सगळं कळतं. किल्ल्यांचा जुडगा विसरणारा सायकलवाला माझ्या वर्गात रोज डबा विसरायचा. छत्री हरवलेल्या नर्सबाईची पाटी तर दर आठवड्याला हरवायची. इथे नवव्या मजल्यावर कुणी काही शोधत नाही. हरवलं तर नवीन आणतात.

कुलूप लाव. मतदान झालं आहे. मला परवलीचा शब्द पाठवू नकोस, वशिल्याने मी कधी कुणाला पास केलेलं नाही. मात्र वाईट वाटतं. हे लिहायचं नव्हतं, पण खोडायला गेले तर कागद खराब दिसेल.

डॉक्टरला माझ्याकडून माफी सांग. मंगळवारी मी जरा अतिरेक केला.

तुझी,
अक्का


२५ मे

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

चार कागद फाडले, हा पाचवा.

ते वाक्य मी म्हणालो होतो. तू लिहिल्यावर आठवलं. त्याआधी आठवत नव्हतं, याची जास्त शरम वाटते. तू गेलीस म्हणून मला रडू येत होतं आणि मला रडता येत नाही, म्हणून ओरडलो. पुढे तू एकाही पत्रात गावाचं नाव काढलं नाहीस, तेव्हा मी समजलो, अक्का विसरली. त्या रागावर मी तीन वर्षं फुगून बसलो आणि एरियल उंच करत राहिलो. तुझी भावजय म्हणते की आपण दोघं एकाच कारखान्यातले.

काल सगळं गप्पांच्या पाटीवर लिहून टाकलं. यंत्राने ‘थोरली बहीण’चं काय भाषांतर केलं कोण जाणे, कप्तानाने तुला सलाम ठोकलाय. डॉक्टरने फक्त विचारलं, कवळी वरची की खालची? त्याचं म्हणणं, हे कळेपर्यंत त्याला झोप लागायची नाही.

कुलपाचं काय होतं ते एक तारखेलाच कळेल. तू सव्वाअकराला ये. काटा कुणी हलवणार नाही, याची हमी माझी.

राग धरू नकोस असं म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो.

तुझा,
चिमण्या


१ जून

चि. चिमण्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सव्वाअकराला पान उघडलं तर बटणाला कुलूप नव्हतं आणि काटा आधीच जागेवर होता. पहिली सूचना एका उजव्या पायाच्या चपलेची. दुसरी वाचायच्या आधी निवेदिका खाकरली. आमच्या शाळेत ती तिसऱ्या बाकावर बसायची आणि भावुक काही वाचायचं असलं की अशीच खाकरायची, म्हणून मी कान टवकारले.

ती म्हणाली, ‘हरवली आहे. एक थोरली बहीण. वय अडुसष्ट, आवाज खणखणीत, चष्मा दोरीला बांधलेला. तीन वर्षांपूर्वी दोन ट्रंका घेऊन गाडीत चढताना शेवटची दिसली. हरवण्यात चूक धाकट्या भावाची. ज्यांना सापडेल त्यांनी घरी आणून पोचवावी.’

मी स्वयंपाकघरात उभी होते आणि तिथेच रडले. सून आज घरी होती. तिला वाटलं कांदा, पण माझ्या हातात काकडी होती. तिने मला खुर्चीवर बसवलं आणि न विचारता तिकीट काढायला घेतलं. दोन ट्रंका म्हणालास ते चूक आहे. एक ट्रंक आणि एक वळकटी होती. सूचना देताना माहिती तपासून द्यावी.

तुझ्या पानावर त्या वेळी सव्वीस माणसं होती. कुणी बटणाला हात लावला नाही. तीच सूचना तू पाटीवरही लिहिली होतीस, यंत्राने ती सगळ्यांना समजावली. मग डॉक्टरने एकच लिहिलं, सापडली का? मी चष्मा पुसला, एका बोटाने एकेक अक्षर शोधलं आणि पहिल्यांदाच त्या पाटीवर लिहिलं की सापडली, रविवारी सकाळच्या गाडीने पोचते आहे.

महिनाभर राहीन. भांडायचं ते समोरासमोर भांडू. फलाटावर न्यायला आलास तर बरं, उशीर झाला तरी घाई करू नकोस, घराचा रस्ता मला पाठ आहे.

तुझी,
अक्का