वरच्या मजल्याचं भाडं

बाबा, वरच्या मजल्याचं भाडं मी वाढवलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि समोरच्या वकीलसाहेबांना फार घाई होती. त्यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे, न विचारता सल्ला देतात आणि वर चहाही पितात. फाटकाशी उभे राहून म्हणाले, "दीदी, नया कानून आने वाला है. फिर सब लिखा-पढ़ी से होगा, जब मन आया तब किराया नहीं बढ़ा पाओगी. जो करना है, अभी कर लो." सध्या सगळ्या गल्लीत हाच विषय आहे. ज्यांना आपल्या भाडेकरूचं आडनावही धड सांगता येत नाही, ते कायद्यातली कलमं सांगताहेत.

वरच्या दीदी तुम्हीच ठेवलेल्या. शाळेत शिकवणाऱ्या, एकट्या, एक पेटी आणि एक शिलाई मशीन घेऊन आल्या होत्या. करारबिरार काही नाही. तुम्ही विचारलंत, "बेटा, आज खाना कहाँ खाया?" त्यांनी सांगितलं, स्टेशनवर, आणि तुम्ही किल्ली काढून दिलीत. मी तुमच्यावर चिडले होते. एका जेवणावर कोणी घर देतं का, म्हणाले होते. त्यांना येऊन आता सतरा वर्षं झाली. तुमच्या शेवटच्या आजारपणात रोज संध्याकाळी खाली येऊन तुम्हाला पेपर वाचून दाखवायच्या त्या. मी नाही.

एक दिवस मला राहून राहून आठवतो. मी दहा-अकरा वर्षांची आहे. वर तेव्हा कपड्याच्या दुकानात काम करणारे भैया राहतात, बायको आणि लेकीसह. भाडं वाढवायचं असं तुमचं आणि आईचं बोलणं मी ऐकलं आहे, आणि अंगणात उभी राहून मोठ्या तोऱ्यात वर ओरडते, "भैया, अगले महीने से किराया बढ़ेगा, बाबा ने बोला है!" तेवढ्यात तुम्ही खमरियाच्या फॅक्टरीतून सुटून येता. सायकल भिंतीला टेकवता. मला वाटतं, आता शाबासकी मिळेल.

"काहून ओरडून राहिली?" तुम्ही म्हणता. "गरज कोणाची आहे, त्यांची का आपली? आपली न? मंग आपण वर जायचं. त्यांना खाली उभं नाही करायचं."

आणि माझा हात धरून तुम्ही जिना चढता. वर चहा होतो. तुम्ही भैयांच्या आईच्या डोळ्यांची चौकशी करता, लेकीच्या परीक्षेची करता. भाड्याचं निघतं ते उठताना, एक पाय चपलेत घातल्यावर. पुढे दर खेपेला तसंच. इतकं की तुम्ही बिनकामाचे वर गेलात तरी भाडेकरू तुमच्या चपलांकडे बघत बसायचे. एकदा तुम्ही वर गेलात आणि काही न बोलताच खाली आलात. त्यांच्या लेकीला ताप होता. "पुढच्या वर्षी पाहू," म्हणालात. आई दोन दिवस तुमच्याशी बोलली नव्हती.

मी काय केलं ते सांगते. कचेरीजवळच्या दुकानात हिंदीत नोटीस टाइप करून घेतली, तिचा फोटो काढला आणि फोनवर पाठवून दिला. दोघींच्या मध्ये एक छत आहे, बाबा. त्यांचा कुकर किती शिट्ट्यांवर बंद होतो तेही मला माहीत आहे. पण वर जायला म्हणे माझे गुडघे दुखतात. भाजी आणायला बड्या फुहाऱ्याच्या बाजारापर्यंत चालत जाते तेव्हा दुखत नाहीत.

उत्तर आलं, "जी." एवढंच. आठ दिवस वर काही हललं नाही की वाजलं नाही. पाय न वाजवता चालत असाव्यात. नवव्या दिवशी, रविवारी, खाली आल्या. मी घाईघाईनं खुर्ची पुसली. त्या बसल्या नाहीत.

"दीदी, आपने जो लिखा है, गलत नहीं लिखा," त्या म्हणाल्या. "पर मेरा उतना नहीं हो पाएगा. गढ़ा मोहल्ले में भतीजी के पास एक कमरा है, महीने के आखिर में चली जाऊँगी."

मी म्हणाले, "अच्छा."

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "मैं आठ दिन रास्ता देखती रही. दूध भी ज़्यादा लिया था. सोचा, बाबूजी आते थे, तो आप भी ऊपर आएँगी."

थांबा, हा शब्द तोंडात आला होता. मी रिकामी खुर्चीच पुन्हा पुसली. आता वरून खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येतो. आज दुपारी मी जिना चढले. गुडघे अजिबात दुखले नाहीत. त्यांच्या दारापर्यंत गेले, आतून मशीन सरकवल्याचा आवाज आला, आणि तशीच खाली येऊन तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही दार उघडत नाही.

नव्या कायद्यामुळे भाडं वाढवलं असं वकीलसाहेबांना सांगितलं, तुम्हालाही सुरुवातीला तेच लिहिलं. ते खरं नाही. पूर्वी दर एक तारखेला त्या भाडं हातात द्यायला खाली यायच्या, अर्धा तास बसायच्या, शाळेतल्या बायकांच्या चुगल्या सांगायच्या. तीन वर्षांपासून भाडं फोनवर येतं. फोन टिंग करतो, झालं. मला पैसे नको होते, बाबा. भाडं वाढवलं तर त्या तणतणत खाली येतील, माझ्याशी भांडतील, आणि भांडायला का होईना, बसतील, असं वाटलं होतं.