गाडी चढावरच बंद पडावी म्हणून

३ मार्च, मंगळवार

परत बंद पडली! चालू होते झकास. वीसेक मिनिटं गुणी बाळासारखी धावते, मग आचके देते आणि ढिम्म. टाकीत पेट्रोल आहे, बॅटरी नवी आहे. मी चौकाच्या मधोमध, मागून हॉर्नवर हॉर्न. जरा थांबलं की पुन्हा सुरू — जणू काही झालंच नाही. नवरा घर सोडून गेला आणि स्वभाव व्हॅनमध्ये विसरून गेला.

५ मार्च, गुरुवार

स्वारीचा मेसेज. 'पुढच्या शनिवारी व्हॅन न्यायला येतोय. चालू कंडिशनमध्ये हवी.'

हवी!

कागदावर गाडी त्याचीच. आतल्या गाद्या, शेगडी, इवलंसं बेसिन — सगळं हौसेनं करून घेतलं होतं. पडदे मी शिवले. आता त्या पडद्यांआड त्याची ती नवी बया लोळणार. रविवारी डोंगरात फिरायला न्यायचंय तिला.

आई म्हणाली, "देऊन टाक आणि मोकळी हो." मला मोकळं नाही व्हायचं. मला वसूल करायचंय.

६ मार्च, शुक्रवार

आईला न सांगितलेलं इथे लिहिते. याच व्हॅनमधून घाटात चाललो होतो. मी नकाशा बघून चुकीचं वळण सांगितलं. त्याने गाडी थांबवली, "उतर" म्हणाला. मला वाटलं, काहीतरी दाखवायचंय. उतरले. तो निघून गेला! ऊन डोक्यावर, अंगावर पातळ शर्ट, हातात पाण्याची बाटलीसुद्धा नाही. ट्रकवाले वाकून वाकून बघत जात होते. ऊन उतरल्यावर परत आला आणि हसत म्हणाला, "आता नीट बघशील नकाशा."

मी गाडीत बसले. मुकाट्याने बसले, हे जास्त झोंबतं.

७ मार्च, शनिवार

फिल्टर बदलला. पंप बदलला. कार्बोरेटर खोलून धुतला. मेकॅनिक म्हणाला, "आता बिनधास्त जा, मॅडम." बिनधास्त गेले. उड्डाणपुलावर अडकले.

८ मार्च, रविवार

पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या. तेच!! मेकॅनिक आता मला बघितलं की चहाला जातो.

९ मार्च, सोमवार

सापडलं! आणि सापडलं कुठे, तर हॉस्पिटलात, माझ्या वॉर्डात!

नव्या नर्सने पेशंटला काचेच्या बाटलीतलं औषध सलाईनसारखं लावलं. चार थेंब पडले आणि थांबलं. ती नळी दाबतेय, चाक फिरवतेय, घामाघूम. मी म्हटलं, "अगं बाई, हवेची सुई कुठाय?" बाटलीत हवा शिरली नाही तर औषध खाली येणार कसं? सुई लावली, बुडबुडे आले, धार सुरू. आणि मी तिथेच थिजले. टाकी! टाकीत हवा जात नसेल तर?

ड्यूटी संपल्यावर थेट व्हॅन काढली. बंद पडेपर्यंत चालवली. उतरून पेट्रोलचं झाकण फिरवलं — फुस्स! केवढ्याने हवा ओढली तिने! किल्ली फिरवली, लगेच चालू.

१० मार्च, मंगळवार

चटई टाकून गाडीखाली शिरले. टाकीला हवेसाठी बारीक नळी असते, तिच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. चांगलं थापून, लिंपून. तारेने सगळं उकरून काढलं, फुंकर मारून बघितली. झाकण घट्ट लावून धरणापर्यंत जाऊन आले. एकटी! एक आचका नाही!

परत येताना गाणं म्हणत होते. घराच्या वळणावर एकदम मनात आलं — ही अशी ठणठणीत गाडी त्याच्या हातात द्यायची? का म्हणून?

१२ मार्च, गुरुवार

खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी आणली. मऊ मळली, नळीच्या तोंडात भरली, अंगठ्याने दाबली. वरून धूळ चोळली. माशीलाही जमलं नसतं इतकं सुबक काम.

गंमत अशी, की इथे त्याच्यासमोर ती नीट चालेल. गाव संपेपर्यंत चालेल. मग चढ लागेल आणि त्या बयेसमोर, ऐन वळणावर, साहेबांची फजिती! पंप बघेल, फिल्टर बघेल, बोनेटमध्ये डोकं घालून बसेल. "तुला गाडीतलं काय कळतं?" हे मी पंधरा वर्षं ऐकलं. आता बघू कोणाला किती कळतं.

छान झोप लागली.

१४ मार्च, शनिवार

आला. नवा गॉगल. म्हणाला, "केलीस का दुरुस्त?" म्हटलं, "चालवून बघ." गल्लीत एक चक्कर मारली. "चालते की! उगाच रडत होतीस." मी हसले. मनापासून हसले!

ती बया आत बसून होती. वाटलं होतं त्याहून लहान आहे. खिडकीतून माझ्याकडे बघून काही बोलणार होती. तो म्हणाला, "काच वर घे." तिने घेतली. क्षणात घेतली. घे बाई घे, उद्या उतरून धक्का मारायचाय तुला.

आईने विचारलं, "एवढी खूश का?" म्हटलं, "मोकळी झाले."

१५ मार्च, रविवार

दुपारी अनोळखी नंबर. मी हसतच उचलला. तो नव्हता. ती होती.

"ताई, तुमचा नंबर गाडीच्या काचेवर चिकटवलाय, पार्किंगसाठी... ताई, गाडी चढावर बंद पडली. मी म्हटलं, पेट्रोल संपलं असेल का... तर त्याने मारलं मला. तोंडावर. तो मेकॅनिकला आणायला खाली गेलाय. किल्ली इथेच आहे. ताई, ही चालू कशी करायची?"

मी लगेच विचारलं,

"चालवता येते का तुला?"

"येते. तो देत नाही."

"उतर. पेट्रोलचं झाकण फिरव. फुस्स आवाज येईल, घाबरू नकोस. हवा आत जाऊ दे. मग किल्ली फिरव. पुन्हा आचके द्यायला लागली की थांब आणि तेच कर. इकडे ये. दुसरीकडे कुठे जाऊ नकोस, माझ्याकडे ये."

फोनमध्ये तिच्या धापा. मग दार आपटलं. मग इंजिन!

१५ मार्च, संध्याकाळ

व्हॅन फाटकाच्या आत घेतली. आई तिच्या ओठाला बर्फ लावतेय. तो बाहेर बेलवर बोट ठेवून उभा आहे. पोलीस येतायत, तोवर दार मी उघडणार नाही.

ती दोनदा म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे वाचले." लांबी कोणी भरली, ते मी अजून सांगितलेलं नाही.