दीडाचे दोन

प्रिय ओस्टाप,

तुझी व्हीलचेअर रग्बीची खुर्ची दुरुस्त करून गाडीत ठेवली आहे आणि ही चिठ्ठी हातमोज्यांच्या पिशवीत. समोरासमोर बोलायला गेलो की मी विनोद करतो आणि मुद्दा निसटतो, म्हणून लिहितोय.

येत्या मंगळवारी तुझा हात तपासून नव्याने गुण ठरवणार, ते डोक्यातून जात नाही. काल एका खुर्चीची धडकपट्टी उलटीच जोडली. खुर्च्या दुरुस्त करण्याच्या तीस वर्षांत पहिल्यांदा. विनिपेगच्या त्या जिममध्ये मी जमिनीवर बसून चाकं आवळत असतो, तेव्हा लोकांना वाटतं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. तुम्ही पोरं एकमेकांना नावानं नाही, गुणांनीच हाक मारता. "ए अर्ध्या, सरक की!" "साडेतीन, बॉल सोड, बायको आहे का ती तुझी?" तू दीड, म्हणून क्लेमाँ तुला दीडशहाणा म्हणतो. मैदानातल्या चौघांचे मिळून गुण आठच्या वर चालत नाहीत. ज्याचा हात जास्त चालतो, त्याचे गुण जास्त. तुमची चौकडी बरोब्बर आठ. तू दोन झालास की साडेआठ, आणि राष्ट्रीय संघात तुझ्या जागी दुसरा कोणीतरी. बरं होण्याची ही शिक्षा मला अजूनही पटत नाही.

पण तुझे हातमोजे मीच शिवतो ना. पूर्वी ते तळव्याच्या मुळाशी झिजायचे. आता उजव्याचं रबर तर्जनीच्या टोकाशी झिजतंय. बोट चाक पकडतंय, बाळा. तुझ्या प्रशिक्षकाला, वेंडेललाही ते कळलंय. परवा पाणी पिता पिता म्हणाला, "तपासणीला चांगला दमून जा रे. दमलेला हात फार बोलत नाही." सगळे हसले. मीही हसलो.

सस्कॅटूनच्या संघातला एमरिकही दीडच. जेवताना काटा मनगटाला पट्ट्यानं बांधतो. मागच्या सामन्यात तू त्याच्या मांडीवरचा चेंडू अलगद उचललास आणि तो हसत म्हणाला, "आमच्याकडचा दीड जरा लहान मापाचा असतो वाटतं!" टोमणा तुला लागला की नाही, ठाऊक नाही. मला तेव्हापासून घास गोड लागत नाही.

तू तळ्यात सूर मारलास आणि मान मोडली, त्याला चार वर्षं झाली. हॉस्पिटलात मी तुझ्या एकेका बोटाशी बोलायचो, हल रे राजा, एकदा हल. आणि गेल्या रविवारी स्वयंपाकघरात मीच तुझ्या हातात चमचा दिला आणि तो कसा पाडायचा ते शिकवलं. तिसऱ्यांदा तू इतका सहज पाडलास की मी टाळी वाजवली. ती टाळी मागे घेण्यासाठी हे पत्र. तपासणारे म्हणतील, धर. तर घट्ट धर. संघातून गेलास तर माझ्याशी वर्षभर बोलू नकोस, चालेल. पण त्या बोटाला माझ्या शिकवणीनं मेलेलं म्हणू नकोस.

तुझाच बाप,
तातो