वाटाड्याचं वाक्य

सोमवार, ४

झाले एकदाची प्रचालक! विरोधात एकच मत पडलं, आणि तेही एका गृहस्थांनी चुकून दिलेलं, असं त्यांनीच नंतर कळवलं. आमच्या ऑनलाइन ज्ञानकोशात कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं. पण पान काढून टाकणं, पानाला कुलूप घालणं आणि उपद्रवी माणसाला लिहिण्यापासून अडवणं ही कामं फक्त प्रचालकांची. पगार शून्य. नवरा म्हणाला, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. खरंय त्याचं. दिवसभर छापखान्याची मुद्रितं तपासायची आणि उरल्या वेळात जगाची.

मास्तरांचा फोन आला. निवृत्त शिक्षक, आमच्यातले सगळ्यांत जुने प्रचालक. कधी भेटलो नाही, पण आवाजातच छडी आहे. कानमंत्र एकच: संदर्भ नसेल तर वाक्य काढायचं, दयामाया नाही. मला हे मनापासून पटतं. चुकीचं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. ठकीनं विचारलं, आई आता पोलीस झाली का. दुसरीतल्या मुलीच्या मानानं समज बरी आहे. टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीशी हलवलं, खुर्चीवर उशी टाकली आणि राज्याभिषेक उरकला.

बुधवार, ६

पहिला पाहुणा आला. आपल्या नाट्यगृहाच्या पानावर ‘वाटाड्या’ नावाच्या सदस्यानं शेवटी एक वाक्य घुसडलंय: ‘बाल्कनीच्या पहिल्या रांगेत बसू नये.’ बस. ना कारण, ना संदर्भ. खदखदून हसले आणि काढून टाकलं. त्यानं परत घातलं. मी परत काढलं, वर शेरा मारला की हा ज्ञानकोश आहे, तिकीटखिडकी नव्हे. मास्तरांना शेरा फार आवडला.

मग त्यानं मला निरोप लिहिला. ताई, राहू द्या, वाक्य आहे तोवर बरं आहे. ‘ताई’ म्हटल्यानं विरघळणाऱ्यांतली मी नव्हे. त्याला कायमचं अडवलं, पानाला कुलूप घातलं. या भानगडीत भाजी करपली, पण जिवाला बरं वाटलं.

रविवार, १०

काल संध्याकाळच्या प्रयोगाला नाट्यगृहाची बाल्कनी कोसळली. पहिली रांग.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांची बायको, आमच्या काकू, त्यात गेल्या. ठकीचे सगळे फ्रॉक त्यांच्या हातचे. म्हणतात, तुळया गेल्याच महिन्यात तपासल्या होत्या, चांगल्या भक्कम होत्या. कसं काय झालं, कुणालाच सांगता येत नाही.

मी दिवसभर कॉम्प्युटर उघडला नाही. योगायोग असतात. असतात ना?

मंगळवार, १२

भेटायला गेले. काका मशीनसमोर बसले होते, मशीन बंद. मी काही विचारायच्या आतच बोलायला लागले. काकूंनी तिकिटं काढली तेव्हा फोनवर ते वाक्य वाचलं होतं. घाबरल्या, तिकिटं बदलू या म्हणाल्या. संध्याकाळी काकांनी स्वतः पाहिलं तर वाक्य नव्हतं. मग त्यांनीच काकूंची समजूत घातली, की बघ, कुणा जाणत्या माणसानं काढलंय, म्हणजे थापच असणार. शनिवारी, शिवण उरकून मागून येतो म्हणत, त्यांनीच तिला रिक्षात बसवून दिलं. जाणत्या माणसानं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

मी चहाचा कप धरून बसले. सांगितलं नाही. तोंड होतं, जीभ होती, सांगितलं नाही. मी भेकड आहे.

शुक्रवार, १५

सकाळी वाचनालयाच्या पानावर नवं वाक्य. ‘जिन्याचा कठडा धरू नये.’ लिहिणारा वाटाड्या. पण त्याला तर मी अडवलंय! दोनदा पाहिलं, बंदी जशीच्या तशी आहे. त्याला एक अक्षरही लिहिता येऊ नये.

या वेळी वाक्याला हात लावला नाही. उलट वाचनालयात फोन केला. ग्रंथपालबाई हसल्या, म्हणाल्या कठडा नवा कोरा आहे, कालच सुतारानं हलवून पाहिला. जिवात जीव आला. दुपारी पाहते तो मास्तरांनी वाक्य काढलेलं, संदर्भ नाही म्हणून. गयावया केली. ते कडाडले, की प्रचालक झालीस आणि शकुन-अपशकुन बघायला लागलीस?

तासाभरात कठडा मुळासकट निघाला. बाईंच्या हातातच. पाय मोडलाय, जीव वाचला.

म्हणजे तो नुसती सूचना देत नव्हता. त्याच्या वाक्यानं ते सगळं तोलून धरलं होतं. आणि बाल्कनीखालचा टेकू मी काढला. हसत हसत काढला.

रविवार, १७

खाली गेले आणि काकांना एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की काढण्याआधी वाचलं होतंत का. म्हटलं, वाचलं होतं. हसले होते. त्यांनी मशीनवरचं कापड काढलं, घडी घातली, आणि म्हणाले आता जा, पोरगी वाट बघत असेल. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर येऊन वाटाड्याची बंदी उठवली. चुकले, माफ करा, असं लिहिलं.

सोमवार, १८

उत्तर म्हणून नवं पान आलं. पानाचं नाव ‘ठकी’.

शाळेतलं नाव नाही. घरातलं. आम्हा दोघांशिवाय कुणी हाक मारत नाही ते. ‘ठकी दुसरीत शिकते. तिला दूध आवडत नाही. ठकी श्वास घेते.’

हे कशासाठी, असं विचारलं. हा सूड आहे का? उत्तर तेवढंच: ताई, राहू द्या.

ठकीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. कठडाही ठणठणीत होता.

मंगळवार, १९

मास्तरांनी पानावर काढून टाकण्याची सूचना लावली. अशा सामान्य व्यक्तीचं पान ज्ञानकोशात नको. नियमानं बरोबर आहे. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं असतं तर मीच डोळ्याचं पातं लवायच्या आत उडवलं असतं.

कुलूप घातलं. मास्तरांनी काढलं. परत घातलं. त्यांनी पान उडवलं, मी परत आणलं — तेवढ्या वेळात ठकीला ठसका लागला — पान आलं, ठसका थांबला —

आता माझे अधिकार काढायला मतदान सुरू झालंय. स्वतःच्या मुलीसाठी पद वापरते म्हणे. सगळी जाणती माणसं.

बुधवार

अधिकार गेले.

ठकीला शाळेत पाठवलं नाही. माझ्या शेजारी बसून चित्र काढतेय. मास्तरांना फोन केला. काकूंचं सांगितलं, ठसक्याचं सांगितलं, पाया पडते म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच मऊ आवाजात बोलले. बाळ, विश्रांती घे, म्हणाले. ते पान मी आत्ताच काढतो, म्हणजे तुझ्या मागची कटकट जाईल.

नको म्हणून ओरडले — त्यांनी फोन ठेवला होता —

पान अजून आहे.

आहे.

आहे —

गेलं. ‘या नावाचे पान अस्तित्वात नाही.’

ठकीनं पेन्सिल खाली ठेवली. दमले म्हणाली. ओठ निळे —

नवरा डॉक्टरांना आणायला पळाला. वाक्य हवं. कुठंतरी लिहिलेलं हवं. इथं, या वहीत तरी कुणाला काढता येणार नाही —

ठकी श्वास घेते.

घेतला! छाती हलली. माझ्याकडे बघतेय. ठकी श्वास घेते. ठकी श्वास घेते. हो राणी, मी इथंच आहे. ठकी श्वास घेते. काकू, मला क्षमा करा, मी तुमचं वाक्य — नको, दुसरं काही लिहायचं नाही, दुसरं लिहिलं की हिचा — ठकी श्वास घेते. ठकी श्वास घेते. हात भरून आलाय. ठकी श्वास घेते. जिन्यात पावलं वाजतायत का — ठकी श्वास घेते. वही संपत आली. समासात लिहिते. ठकी श्वास घेते. ठकी श्वास