निशाणवाल्याच्या मनगटावरचं निळं फडकं

प्रिय किसन,

आधी तक्रार. रीतसर आणि लेखी, कारण तोंडी तक्रारी तू हयातीतही ऐकत नव्हतास.

तुझ्या लेकीनं, राणीनं, तुझा तो पोह्यांचा डबा मला आणून दिला, आत आपल्या खेळाचे सगळे पत्ते. आणि त्यांना रबरबँड! मिठाईच्या पुड्यावरचे! अरे, राखेतून उठून पुन्हा लढणारे योद्धे ते, आणि तू त्यांची कोथिंबिरीसारखी जुडी बांधलीस? सगळ्यांच्या कमरा मोडल्या आहेत. काळवेशीचा सेनापती असा वाकलाय की शत्रूला नमस्कार करतोय असं वाटतं. वांग्याचं रोप दोन बोटांत फुलासारखं धरणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. तुझ्या रोपवाटिकेतल्या मिरचीलासुद्धा यापेक्षा बरी वागणूक मिळत होती!

डबा इतके महिने तसाच कपाटावर ठेवला होता. आज उघडला, कारण सोमवारी नागपूरला जायचंय. डोक्याचं ऑपरेशन आहे. डाव्या कानाच्या वर, आत, लहानशी गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, साधी आहे, काढली की झालं. फक्त जागा वाईट. शब्दांच्या आणि आठवणींच्या अगदी शेजारी. "थोडंफार विसरायला होऊ शकतं, काहींना होतं, काहींना नाही," असं ते इतक्या सहज म्हणाले, जणू मेहकरच्या स्टँडवर चिखलीची गाडी लागली तर लागली.

हे मी आपल्या खेळाच्या, फोनवरच्या गटावर लिहू शकलो असतो. पण गटावर लिहिलं की काय होतं, तुला ठाऊक आहे. सगळे हात जोडलेली चित्रं पाठवतात. मला हात जोडणारे नकोत. मला "काऊन बे?" म्हणणारा हवाय. तो तू एकटाच होतास, आणि तू ऐन कांद्याच्या लागवडीत निघून गेलास. ही काय जायची वेळ होती?

राणी पुण्याहून हा खेळ घेऊन आली तेव्हा आपण दोघांनीही नाकं मुरडली होती, आठवतं? तू म्हणालास, "पोरीले शिकाले पाठवलं, अन् थे भुताचे पत्ते घेऊन आली." मी म्हणालो, इंग्रजी भुतं आपल्याला काय कळणार? आणि आठवड्याभरात आपण दोघं तुझ्या हिरव्या जाळीखाली उलट्या ट्रेवर पत्ते मांडून बसलेले! सिंधूवहिनी चहा ठेवून जाताना म्हणायच्या, "एक मास्तर अन् एक माळी, दोघायले म्हातारचळ." पुढे फोनवर गट झाला. सोनाळ्याचा कंपाउंडर आला, उंद्रीचा किराणावाला आला, राणीच्या कॉलेजातली पोरं आली. आपण खेळायचो कमी आणि त्या पत्त्यांमागच्या कथेवरून भांडायचो जास्त.

भांडण एकच होतं. पत्त्यांतल्या त्या काळवेशीच्या लढाईत मेलेले सैनिक नगारा वाजला की राखेतून उठतात. उठतात, रांगेत उभे राहतात, लढतात. पण त्यांना आधीचं काही आठवतं का? आपलं नाव, गाव, बायको?

मी म्हणायचो, नाही. तू म्हणायचास, हाव.

तुझा पुरावा म्हणजे तो निशाणवाला. त्याचे दोन पत्ते आहेत, एक जिवंतपणीचा आणि एक उठल्यानंतरचा. जिवंतपणी एका हातात निशाण, दुसऱ्या हातात ढाल, आणि निशाण धरलेल्या हाताच्या मनगटावर निळं फडकं बांधलेलं. उठल्यानंतर चेहरा जळालेला, डोळे रिकामे, पण एका हातात निशाण, दुसऱ्या हातात ढाल आणि मनगटावर तेच निळं फडकं.

"त्याले आठोत नसन तं थे फडकं कसं राह्यलं बे?" तू विचारायचास.

मी चष्मा वर करून सांगायचो, "हा संस्कार आहे, किसन. स्मृती नव्हे. हाताला सवय असते, मनाला ठाऊक नसतं."

"मंग इकलेला बैल जुन्या गोठ्याकडं काऊन येते?"

"तोही संस्कारच."

"तू त्या बैलाले इचारलं का, गुरुजी?"

मी पत्ते पिसायला घ्यायचो.

गटाचा नियम मात्र माझा होता, याचा मला अजूनही अभिमान आहे. पाठशाळेत आम्हाला शिकवलेलं, आधी पूर्वपक्ष मांडा. समोरच्याचं म्हणणं खोडायचं असेल, तर आधी ते त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवा. तो स्वतः "हाव, हेच" म्हणाला, तरच पुढे बोला. कंपाउंडर वैतागायचा, पोरं पळायची. तू मात्र माझी बाजू अशी मांडायचास की मला वाटायचं, अरे, हे मला सुचायला हवं होतं! वऱ्हाडीत माझा सिद्धांत माझ्यापेक्षा जास्त शोभायचा.

आणि तुझी बाजू मांडायची पाळी माझ्यावर आली तेव्हा? मी मांडली. तू म्हणालास, "नाई." मी पुन्हा मांडली, दाखले देऊन. "नाई, अजून नाई आलं." मी चिडलो. म्हणालो, काय नाही आलं ते तरी सांग!

"चित्र पाय नीट, गुरुजी. तू लिहेल तेवढं वाचतं, चित्र पाहतच नाई."

एवढं बोलून तू रोपांना पाणी द्यायला उठलास. त्यानंतरच्या रविवारी, त्याच वाफ्याशी, हातात नळी असताना खाली बसलास आणि उठला नाहीस. उठणाऱ्यांची बाजू घेणारा तू! मी धावत आलो तेव्हा नळी तशीच वाहत होती. कोणीतरी नळ बंद करा, एवढंच मी ओरडत होतो म्हणे. राणीनं नंतर सांगितलं.

काय नाही आलं ते सांगून जायला तुझं काय जात होतं?

दहाव्याला पैनगंगेवर काय झालं ते तुला माहीत असेल किंवा नसेल, आपल्या वादाचा तोच तर मुद्दा आहे. पिंड ठेवला, कावळा बाभळीवर बसला, आणि खाली येईना. सिंधूवहिनी म्हणाल्या, रोपवाटिका मी चालवीन. कावळा ढिम्म. राणी म्हणाली, शिक्षण पुरं करीन. कावळा मान वाकडी करून बघतोय. तुझा भाऊ म्हणाला, पोरीकडं मी पाहीन. छे! ऊन चढलं. शेवटी राणी माझ्या कानाशी आली. "काका, बाबांचा तुमच्याशी वाद राह्यला होता ना?"

मी इकडेतिकडे पाहिलं. मेहकरातले निम्मे माझे विद्यार्थी तिथे उभे! पण काय करणार? पाण्यात दोन पावलं पुढे गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मान्य! उठलेल्यांना आठवतं! मान्य!"

कावळा आला ना लेका! सरळ पिंडावर.

सिंधूवहिनी रडता रडता हसल्या. "थे तसेच होते," म्हणाल्या, "जितल्याबिगर जेवत नव्हते."

संध्याकाळपर्यंत कंपाउंडरनं गटावर जाहीर केलं, "कावळ्यानं निकाल देल्ला. शास्त्रीबुवा हरले." मी लगेच लिहिलं की कावळा हा भुकेला साक्षीदार आहे, त्याची साक्ष ग्राह्य नाही, आणि घाटावर दिलेली कबुली दबावाखालची. वाद खुला आहे. तू असतास तर खूष झाला असतास. पण त्यानंतर गटावर कोणी वाद घातला नाही. मी काहीही लिहिलं की "बरोबर आहे सर." इतकं बरोबर असणं मला सोसत नाही, किसन.

मग उन्हाळ्यानंतर शब्द निसटायला लागले. वर्गात शिकवत होतो, आणि छत्री हा शब्द आला नाही. "ते हो, पावसात उघडतात ते, काळं, दांड्याचं." मुलं हसली. त्यांना वाटलं, सर विनोद करतायत. मीही हसलो. घरी येऊन दार लावून घेतलं आणि लहानपणी पाठ केलेलं सगळं सुरुवातीपासून म्हणून पाहिलं. ते आलं, न अडखळता. पण चहा गाळायच्या त्या जाळीच्या वस्तूला काय म्हणतात, हे मला त्या दिवशी सुमतीला, लग्नाच्या बायकोला, बोटानं दाखवावं लागलं. तिनं गाळणी हातात दिली आणि शेगडीकडे वळली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता रोज सकाळी स्वतःची परीक्षा घेतो. शेजाऱ्यांची नावं. भाज्यांची नावं. तू लावायचास त्या टोमॅटोच्या जातींची नावं. एखादं नाव अडलं की यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणतो. तुझं नाव मात्र मी परीक्षेत घेत नाही. ते न आलं तर?

गेल्या आठवड्यात तपासण्यांसाठी नागपूरला एक दिवस ठेवून घेतलं होतं. उजव्या हाताला सुई लावली, नळी जोडली. डाव्या हातात तिथल्या बाईंनी कापसाचा बोळा देऊन सांगितलं, घट्ट दाबून धरा. मग त्यांनी एक पट्टी काढली, त्यावर माझं नाव, आणि माझ्या मनगटावर बांधली. निळी होती, किसन. मी नुसता बघत राहिलो. बाई म्हणाल्या, "दुखतंय का?" मी म्हणालो, नाही.

दोन्ही हात अडकलेले होते माझे! ती पट्टी मला बांधता आलीच नसती.

आज डबा उघडला तो त्यासाठीच. तुझ्या त्या हतभागी जुडीतून निशाणवाल्याचे दोन्ही पत्ते काढले, खिडकीशी नेले, चष्मा पुसला. आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. जिवंतपणीचं फडकं जुनं आहे, विटलेलं, कडा सुटलेल्या. उठल्यानंतरचं फडकं कोरं आहे! अंगावरची बाकीची वस्त्रं जळून लोंबतायत आणि फडकं नवं. एका हातात निशाण, दुसऱ्या हातात ढाल. मग ते बांधलं कोणी?

त्याच्या शेजारच्यानं!

त्याला स्वतःला आठवत नाहीच, तिथे मी बरोबर होतो, हे लिहून ठेव. पण रांगेत त्याच्या बाजूला जो उभा आहे त्याला आठवतंय, की या गड्याच्या मनगटावर निळं फडकं असायचं. तो ते पुन्हा बांधतो. निम्मी आठवण आपली आपल्याकडे असते, निम्मी शेजारच्याकडे ठेवलेली असते. हेच ना तुझं म्हणणं? आलं का आता? अरे, हाव म्हण की एकदा!

हाव म्हणायला खिडकीबाहेर कावळासुद्धा नाही आज.

सुमतीनं बॅग भरायला घेतली आहे. तिला म्हटलं, मी शुद्धीवर आलो की मला एक प्रश्न विचार.

"काय विचारू? नाव?"

"नाव काय, पट्टीवर बघून कोणीही सांगेल. विचार, उठलेल्यांना आठवतं का?"

"आणि नर्सनं मलाच दाखल करून घेतलं म्हणजे?"

"बरं, मग विचार, पत्त्यांना रबरबँड कोण लावतं?"

तिनं टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाली, "हे चालेल. याचं उत्तर तुम्ही चिडून द्याल. म्हणजे मला कळेल, तुम्हीच आहात." आणि टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालायला लागली.

वचन देतो, किसन. सगळे रबरबँड काढले आहेत. पत्ते माझ्या जाडजूड शब्दकोशाखाली दाबून ठेवलेत, परत येईपर्यंत सरळ होतील. निशाणवाला तेवढा बरोबर नेतोय, सदऱ्याच्या खिशात, वाकलेला आहे तसा. परत आलो, शब्द हाताशी असले, तर पहिलं काम, तुझी बाजू गटावर तुझ्या नावानं मांडीन, चित्रासकट. आणि ती खोडणार नाही. घाटावर म्हटलं ते कावळ्यासाठी होतं. हे तुझ्यासाठी.

आता खरं सांगतो. रबरबँडचं मला काही नाही. त्या टेबलावरच संपलो तर त्याचीही मला फारशी भीती नाही, तुझ्याशी भांडता तरी येईल. भीती परत येण्याची वाटते. सुमती पलंगाशी उभी असेल. ठरल्याप्रमाणे ती रबरबँडचं विचारेल. आणि मी तिच्याकडे बघून, अगदी अदबीनं, परक्या बाईला विचारावं तसं विचारीन, "आपण कोण?"

तुझा प्रतिवादी,
मुकुंद