ग्लायडरच्या नाकातली माती

मुलुंड, १२ फेब्रुवारी १९८६, संध्याकाळ

आजही रॉकेटच्या जोरावर वर चढणारे माझे ग्लायडर नाकावर आपटले. शेपटीच्या नळीतली, रॉकेटची स्फोटक दारू जळली की शेपटी हलकी होते आणि नाकात भरलेली शाडूची माती जड ठरते. माती कमी करावी, तर चढतानाच ते कोलांटी खाते. मग माती ठेवावी तरी किती? उद्या ते तरंगले नाही, तर मुख्याध्यापक माझे विज्ञान मंडळ बंद करणार आहेत.

घरी येऊन बायकोला, सुमनला, आकृती काढून सगळे समजावले. ती म्हणाली, "अहो, ते का पडतं हे कळलं मला. आता उडेल कसं ते सांगा ना!"

मी पेन्सिल उचलली आणि पुन्हा पडण्याचेच कारण समजावू लागलो. तिने मला थांबवले नाही. तिच्या प्रश्नापेक्षा तेच मनाला अधिक लागले.