दादूस समज देण्याबाबत

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. दादूसाठी मेहुण्यांनी त्या दूरच्या निवासी संस्थेत जागा मिळवली, याबद्दल त्यांचा आभारी आहे. परंतु वर्षातून दोनदा भेटीच्या अटीवर पोटचा मुलगा परक्यांच्या हवाली करण्यास मी राजी नाही. ही गेल्यापासून तो भिंतीवर डोके आपटतो, स्वतःचे मनगट चावतो, आणि मतिमंदांच्या दिवसाच्या केंद्राने त्याला घरी बसवले आहे, हे सर्व मान्य. तो सव्वीस वर्षांचा आहे आणि माझ्याने आवरत नाही, हेही मान्य. संस्थेचे अधीक्षक महिनाअखेर पाहणी करून निर्णय देणार आहेत. तोपर्यंत एक उपाय म्हणून मी वर्तनोपचार करणाऱ्या बाईंना पाचारण केले.

या बाई वयाने आपल्या धाकटीएवढ्या. त्यांनी पुढच्या खोलीच्या भिंतींना गाद्या टेकवल्या, दादूच्या डोक्यावर मऊ टोप चढवला आणि तो केव्हा आपटतो हे पाहण्यासाठी एक नाटकच मांडले. एकदा त्याला एकटे ठेवून दाराच्या फटीतून पाहिले. एकदा टॉवेलांच्या घड्या घालण्याचे काम दिले. एकदा त्याचा लाडका रेडिओ हातात देऊन काढून घेतला. तिन्ही वेळा चिरंजीव ढिम्म. मग मला सांगण्यात आले की, आपण रोज बसता तसे बसा. मी वर्तमानपत्र उघडले. पान उलटण्याच्या आत आपटणे सुरू. नेहमीप्रमाणे मी त्यास समज दिली, की ज्याअर्थी भिंत कठीण आहे आणि ज्याअर्थी डोके एकच आहे, त्याअर्थी सदर कृत्य सर्वथा अनुचित होय. तो तत्काळ थांबला. कायद्यांची भाषांतरे करण्यात हयात गेली, तिचा एवढा तरी उपयोग.

उपाय घरातच असताना आपण उगाच गाद्या वाहिल्यात, असे मी बाईंना म्हणालो. त्यावर त्या हसून म्हणाल्या की, काका, तुमचं हे भाषण मिळावं म्हणूनच तर तो आपटतोय. अशांना पदव्या कोण देते, कळत नाही.

आहे तो लोभ ढळू देऊ नये.

आपला आज्ञाधारक,
भाऊ


ता. ९ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसून पुरेवाट झाली, मग वाईट वाटलं. अरे शहाण्या, एवढे कायदे उलथेपालथे केलेस आणि हे उमगलं नाही? पोरगं थांबतं, कारण त्याला हवं ते मिळालेलं असतं. वहिनीची टकळी दिवसभर चालायची. भाजी निवडताना ती भाजीशी बोलायची, बटण लावताना बटणाशी, आणि दादू शेजारी बसून ऐकायचा. अंमळ शांतता असावी, म्हणून तूच कुरकुरायचास. आता आहे ना शांतता? त्या घरात माणसाचा आवाज काढायची एकच कळ लेकराला सापडली आहे. डोकं आपटलं की साहेब बोलतात. तुझं भाषण ऐकायला मिळावं म्हणून कपाळ फोडून घेणारा श्रोता जगात एवढा एकच असेल. यांच्या निवृत्तीच्या समारंभात तू बोलायला उभा राहिलास, तेव्हा मी मागच्या दाराने सटकले होते.

जागा सोडू नये असं यांचं म्हणणं आहे आणि माझंही. मागे त्याला आवरताना तुझा चष्मा फुटला तेवढ्यावर निभावलं, उद्या डोळा जाईल. पण अधीक्षक येईपर्यंत ती बाई सांगेल ते मान खाली घालून कर. तिची अक्कल काढत बसू नकोस. आणि वेळेवर जेवत जा.

माया आहे म्हणूनच बोलते, तेवढं धरून ठेव.

तुझी,
ताई


ता. ३० जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अधीक्षक काल येऊन गेले. आधीचे आधी सांगतो.

बाईंचा उपचार असा की, दादूने आपटले तर मी मुकाट उशी आड धरायची, अवाक्षर काढायचे नाही. एरवी मात्र त्याने काहीही केलेले नसताना अधूनमधून बोलत राहायचे. शिवाय त्याने माझी बाही ओढली की हातातले काम टाकून बोलायचे. हे बाही ओढणे त्यांनी त्याला हात धरधरून शिकवले. सुरुवातीस त्याचा जोर वाढला. तो वाढणार, हे बाईंनी आधीच बजावले होते. तरीही उशी धरताना तोंडून शब्द निसटू नये म्हणून मी रुमाल दातांत धरत असे. पुढे आपटणे विरळ झाले. थांबले, असे म्हणणार नाही.

बोलण्याचे म्हणाल, तर पूर्वतयारीविना बोलण्याची मला सवय नाही. भाडेकरार झाले, साक्षीपुरावा झाला, मुदतीचा कायदा झाला. एका दुपारी पायमोज्यांच्या जोड्या कशा लावाव्यात यावर विवेचन केले. ते त्याने फार मन लावून ऐकले. बाई म्हणाल्या की, काका, तुम्ही हळूहळू माणसांत येताय. त्यांच्या उद्धटपणाचे मला काही वाटेनासे झाले आहे.

अधीक्षक शिष्ट गृहस्थ निघाले. पाहुणा बोलत असता मध्ये तोंड घालू नये, या शिस्तीपायी मी गप्प बसलो. ते संस्थेच्या स्वच्छतागृहांविषयी सांगू लागले आणि सांगतच राहिले. दादूची नजर भिंतीकडे गेली. घर नीटनेटके दिसावे म्हणून गाद्या मीच सकाळी हलवल्या होत्या. बाई तर खाऊ की गिळू अशा नजरेने माझ्याकडे पाहत होत्या. त्याने मनगट तोंडाशी नेले, थांबला, आणि माझी बाही ओढली.

मला विषय सुचेना. तोंडून निघाले ते हिच्याविषयी. शेवटच्या सकाळी इस्पितळात ती काय काय सांगत होती ते. दादूचा चहा कोमट असावा ते. आणि ती आता परत यायची नाही, हेही. त्याला हे तोवर कोणी सांगितलेच नव्हते. वाक्ये मोडत होती, क्रियापदे जागेवर नव्हती. दादू बाही धरून ऐकत राहिला. अधीक्षकांनी दोनदा घड्याळ पाहिले, मग पाहणे सोडून दिले.

निघताना ते बाईंना म्हणाले की मुलाला आमच्या जागेची गरज दिसत नाही, वडिलांची मात्र कोणीतरी विचारपूस करावी. जागा सोडली, असे मेहुण्यांना कळवावे.

एक विनंती आहे. माझा घसा साफ बसला आहे आणि दादूस ही सबब मान्य नाही. आपण काही दिवस येऊन राहावे. मेहुण्यांविषयीच्या आपल्या तक्रारी त्याने अद्याप ऐकलेल्या नाहीत. तेवढा विषय आम्हा दोघांना महिनाभर पुरेल.

लोभ आहेच; या खेपेस तो पत्राने न धाडता समक्ष आणावा.

आपला,
भाऊ